माती शिवली की थांबायचे

एका डोंगराळ राज्यात एक तालीम होती, आणि त्या तालमीला वस्ताद नाही, असे गावाचे ठाम मत होते. तिथे रोज पहाटे माती खणली जाई, लाठ्या फिरत, पट्ट्याची पाती हवा कापीत जात, आणि उन्हे वर येईपर्यंत पोरापोरींची अंगे घामाने निथळत. हे सगळे एक बाई शिकवीत असे. पण बाई म्हणजे काही वस्ताद नव्हे, तेव्हा जागा रिकामीच आहे, असे लोक धरून चालत.

बाईंचे वडील या तालमीचे वस्ताद होते. ते वारले तेव्हा चार जाणत्यांनी बसून ठरवले, की योग्य माणूस मिळेपर्यंत मुलीने किल्ली सांभाळावी. योग्य माणसाचा शोध फार काळजीपूर्वक चालला होता. इतका, की मध्यंतरी बाईंचे केस पिकले आणि त्यांनी शिकवलेल्या मुली आपापल्या मुलींना शिकायला घेऊन येऊ लागल्या. तात्पुरत्या व्यवस्थेइतके टिकाऊ जगात फारसे काही नसते.

या तालमीत एक रिवाज होता. नवे पोर आले, की बाई त्याला आधी लाठी देत नसत, पट्टा तर नाहीच. त्याला आखाड्यात उभे करून सांगत, "हात टेकून माती शिव. कुणीही माती शिवली, की समोरच्याने जिथे असेल तिथे थांबायचं. का शिवली, हे कुणी विचारायचं नाही." पोर माती शिवे, समोरचा थांबे, आणि पहिला धडा संपे.

गावातल्या पुरुषांना याचे फार हसू येई. लढायला शिकवण्याच्या जागी ही बाई थांबायला शिकवते, असे ते पारावर बसल्या बसल्या म्हणत. त्यांच्यापैकी कुणी लढायला जात नसे, पण मत असायला त्याची गरज नसते.

दुसरीही एक रीत होती. शिकून तयार झालेल्या मुलीची परीक्षा लिंबावर होई. तळहातावर लिंबू ठेवायचे आणि मुलीने धावत येऊन पट्ट्याच्या एका वाराने ते दोन करायचे, हाताला ओरखडा न काढता. तळहात नेहमी बाईंचा असे. "शिकवलं मी, तर हातही माझाच," एवढेच त्या म्हणत.

पुढे राज्यात नवे राजे गादीवर आले. त्यांना सगळे व्यवस्थित लागे. प्रधानांनी एक दिवस त्यांच्या कानावर घातले, की तालमीचे छप्पर बाईंनी राखले असले, तरी जमीन राज्याची आहे. आणि रिवाजाप्रमाणे ती वस्तादाकडे असायला हवी. वस्ताद मात्र तिथे नाही, एक बाई आहे. राजांनी विचारले, ती शिकवते कशी? प्रधान म्हणाले, चांगली शिकवते असे ऐकतो, पण प्रश्न तो नाही.

शेवटी असे ठरले, की दसऱ्याला सगळ्यांसमक्ष परीक्षा व्हावी. शेजारच्या नगरातून एका नामांकित वस्तादाला बोलावणे गेले. ज्याचा शिष्य लिंबू कापील, त्याची तालीम. बाईंचा शिष्य चुकला, तर त्यांनी त्याच दिवशी किल्ली द्यावी.

ते वस्ताद आले. त्यांच्या मिशा त्यांच्या आधी वेशीतून आत आल्या, असे पोरे म्हणत. पण खरे सांगायचे तर मिशा वगळल्या तरी माणूस चांगला पटाईत होता, आणि त्यांचा थोरला शिष्यही तयारीचा होता. फक्त त्यांच्याकडे लिंबू धरायला गेनू नावाचा एक नोकर ठेवलेला होता. तो पखाली भरी, घोड्याला खरारा करी आणि बोलावले की हात पुढे करी.

बाईंनी हौसा नावाच्या कुंभाराच्या मुलीला निवडले. हौसाने लिंबू पुष्कळदा कापले होते. बाईंच्या तळहातावर एकही वण नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी सगळे गाव मैदानावर लोटले. प्रधानांनी मैदानाची शोभा जातीने पाहिली होती. धूळ उडू नये म्हणून पाणी मारले होते आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा जाड गालिचा पसरला होता. दिसायला तो फार सुरेख दिसत होता. ज्यांना त्यावरून धावायचे होते, त्यांना कुणी विचारले नव्हते.

आधी मान बाईंचा. त्या मैदानाच्या टोकाला उभ्या राहिल्या, तळहातावर लिंबू ठेवले आणि हात लांब केला. हौसाने हातात पट्टा चढवला, सलामी दिली आणि धाव घेतली. चार पावलांत तिचा पाय पाकळ्यांवरून सरकला. ती सावरली. पुन्हा पाऊल टाकले, पुन्हा सरकले. तेव्हा ती जागच्या जागी थांबली, खाली वाकली आणि डावा हात मातीला लावला.

बाईंनी लिंबावर मूठ मिटली.

मैदानभर हशा पिकला. पारावरची मंडळी तर इतकी सुखावली, की एकमेकांना टाळ्या देऊ लागली. प्रधानांनी हौसाला विचारले, "काय ग, भ्यालीस?"

"होय जी," हौसा म्हणाली. "पाय सरकतोय. बाईंचा हात जाईल."

बाईंनी विनंती केली, की पाकळ्या झाडून घ्याव्यात, मग मुलगी पुन्हा धावेल. प्रधानांनी सांगितले, की फुले राणीसाहेबांच्या आज्ञेवरून पसरली आहेत, शिवाय मुहूर्त टळेल. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हट्ट करू नका. पोरीला एकदा दटावून सांगा. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. इकडची काडी तिकडे होणार नाही, तालीम तुमचीच राहील."

हे हौसाने ऐकले. तालीम जाते हे तिला दिसत होते. ती डोळे पुसून पुन्हा पट्टा सरसावू लागली. "बाई, मी करते. आता नाही सरकणार."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग आयुष्य जिथे घातले त्या तालमीच्या कौलांकडे पाहिले. ती मैदानावरून दिसत होती.

"माती शिवलीस ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं. पट्टा उतरव."

त्यांनी लिंबू कनवटीला लावले आणि हौसाला घेऊन त्या बाजूला झाल्या.

आता दुसऱ्या वस्तादांची पाळी. त्यांच्या शिष्यानेही पाकळ्या पायाने चाचपून पाहिल्या. त्याने वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी राजांकडे पाहिले. राजे मैदानाची शोभा पाहत होते. त्यांच्या तालमीत थांबायची रीत नव्हती, आणि नुकतेच थांबणाऱ्या मुलीला लोक हसले होते. गेनूकडे कुणीच पाहिले नाही. त्याने सवयीने हात पुढे केला.

शिष्य धावला, शेवटच्या पावलाला त्याचा पाय सरकला आणि वार झाला. लिंबाच्या दोन नेमक्या फाका झाल्या. गेनूच्या एका बोटाचेही तसेच झाले.

प्रधान जरा वेळ विचारात पडले आणि मग त्यांनी निकाल दिला. लिंबू कापावे अशी अट होती. लिंबू कापले गेले आहे. अटीत बोटांचा उल्लेख नाही. सबब तालीम नव्या वस्तादांची.

निकाल ऐकायला बाई जागेवर नव्हत्या. त्या गेनूपाशी बसल्या होत्या. पदराची पट्टी फाडून, हळद दाबून त्यांनी बोट बांधले आणि हात वर धरायला सांगितला. गेनू पांढरा पडला होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बाई, तुमच्या तालमीत लिंबू धरणाऱ्यालाबी माती शिवता येती का?"

"त्यालाच आधी," बाई म्हणाल्या.

मग त्या उठल्या, कमरेची किल्ली काढून प्रधानांच्या हातात दिली, आणि आखाड्यातली पाटीभर माती तेवढी मागून घेतली. मातीबद्दल नियम नसल्याने प्रधानांना नाही म्हणता आले नाही.

हौसाच्या बापाने भांडी भाजायच्या आव्यामागचे अंगण मोकळे करून दिले. बाई पाटी घेऊन आलेल्या पाहून तो म्हणाला, "बाई, कुंभाराच्या घरी माती घेऊन येणारं माणूस आज पयल्यांदा पाहिलं." पण त्याने ती पाटी आदराने उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात बाई आणि हौसा दोघीच होत्या. थोड्या वेळाने गेनू आला. एक हात वर धरलेला होता आणि दुसऱ्या हातात त्याच्या लेकीचा हात होता. त्याने लेकीला पुढे केले आणि बाईंनी तिला माती शिवायला लावली.

मग हळूहळू बाकीचे आले. दसऱ्याला पोट धरून हसलेली माणसे घरी जाऊन आपापल्या पोरांच्या हाताची बोटे पाहत बसली होती, असे म्हणतात. आपल्या पोराच्या पुढ्यात पट्टा घेऊन कोणी उभे राहावे, हा प्रश्न पारावर बसून सोडवता येत नाही. नव्या वस्तादांचा तो थोरला शिष्यही एक दिवस येऊन आव्याजवळ उभा राहिला. त्याला त्या दिवसापासून पट्टा धरवत नव्हता. बाईंनी त्याला माती खणायला लावले. पुष्कळ दिवस त्याने तेवढेच केले, आणि त्याला तेवढेच हवे होते.

नव्या वस्तादांना सणासमारंभाला राजांशेजारी बैठक होती, मानाची पगडी होती आणि मोठी तालीम होती. शिष्य तेवढे नव्हते.

वर्ष फिरले. दसऱ्याला राणीसाहेबांचे भाऊ पाहुणे येणार होते आणि त्यांना लिंबाचा खेळ दाखवायचा होता. तेव्हा लक्षात आले, की सबंध राज्यात लिंबू धरायला कुणी तयार नाही. प्रधानांनी शिपायांना विचारले, तर निम्म्यांना त्याच दिवशी ताप येणार होता. लिंबाऐवजी भोपळा ठेवावा, असे प्रधानांनी सुचवले. राजे म्हणाले, भोपळा तर मुदपाकखान्यातही कापतात, त्यासाठी मेहुण्यांना कशाला बोलवायचे? शेवटी त्यांनी कुंभाराच्या अंगणात निरोप पाठवला.

बाई आल्या. लिंबू मी धरीन, त्या म्हणाल्या, पण आधी मैदानावरची फुले झाडा.

प्रधानांनी पुन्हा राणीसाहेबांच्या आज्ञेचे सांगितले. राणीसाहेब तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी फुलं तोरणाला लावा म्हटलं होतं. जमिनीवर कुणी पसरली?" यावर प्रधानांना खोकल्याची उबळ आली. फुले झाडली गेली, वर कोरडी माती पसरली गेली.

बाईंनी तळहात पुढे केला. हौसा मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेली, टाचेने जमीन दाबून पाहिली, परत फिरली, आणि मग धावली. लिंबाच्या दोन फाका बाईंच्या तळहातावर पडल्या. बाईंनी मूठ मिटून उघडली आणि पाची बोटे राजांना दाखवली. गर्दीत गेनू उभा होता. त्याने आपला हात खिशात घातला.

राजांनी विचारले, "बाई, गेल्या वर्षी मुलगी थांबली, तेव्हा तुम्ही तिला का दटावलं नाहीत? तालीम वाचली असती."

"महाराज, तेव्हा दटावलं असतं, तर आज ती धावली नसती," बाई म्हणाल्या. "आणि तिच्यापुढं हात धरायची छाती मलाही झाली नसती."

राजांनी त्याच ठिकाणी तालीम, तिची जमीन आणि किल्ली बाईंच्या नावे करून दिली. अशा वेळी कथेतल्या थोर माणसांनी नाही म्हणायचे असते. बाईंनी किल्ली घेतली. नाही म्हणण्यात शोभा असते खरी, पण पावसाळ्यात छप्पर लागते.

मिशावाल्या वस्तादांना त्यांनी घालवून दिले नाही. माणूस पटाईत होता, आणि चांगला हात वाया घालवणे बाईंना पटत नसे. अट एकच होती. त्यांच्या शिष्यांचे लिंबू त्यांनी स्वतःच्या तळहातावर धरायचे. वस्तादांनी विचार करायला बराच अवधी मागितला. मग होकार दिला, आणि पहिल्याच परीक्षेत शिष्य अर्ध्यावर असताना स्वतःच खाली वाकून माती शिवली. शिष्य थांबला. कुणी का म्हणून विचारले नाही. त्या दिवसापासून ते फार काळजीपूर्वक शिकवू लागले.

गावानेही समाधानाचा सुस्कारा टाकला. इतक्या वर्षांनी तालमीला अखेर वस्ताद मिळाला, असे पारावरची मंडळी मिशावाल्या वस्तादांकडे बोट दाखवून सांगू लागली. बाईंनी हे कधी दुरुस्त केले नाही. रोज पहाटे दार कोण उघडते, हे पोरांना ठाऊक होते.

तात्पर्य: पट्टा त्याच्याच हाती द्यावा ज्याला थांबता येते, आणि गुरू त्यालाच म्हणावे ज्याचा स्वतःचा हात लिंबाखाली असतो. मिशा असल्यास हरकत नाही.