तळहातावरचा अग्नी

पूर्वी त्रेतायुगात, जेव्हा राजाचा शब्द यज्ञातील अग्नीइतकाच पवित्र मानीत, तेव्हा सुवर्णा नदीच्या तीरी तेजोवर्मा नावाचा महापराक्रमी राजा राज्य करीत होता. त्याच्या रथांची धूळ दिसताच शेजारची राज्ये न लढता नमत. पण या राजाला एक वाईट खोड होती. वचन देताना आपल्या हातावरून उदक सोडायचे, ही त्या काळची रीत, हा मात्र परराज्यांत दूताकरवी उदक सोडवी आणि पुढे अंगाशी आले की म्हणे, "उदक दूताच्या हातावरून गेले, माझ्या नव्हे!" आता काय बोलावे अशा माणसाला?

डोंगरातल्या शैलजनांना त्याने असेच अभय दिले होते. धूमकेश दैत्य त्यांच्यावर चालून आला, तेव्हा राजाने दैत्याकडून दिव्य अश्व घेतले आणि खुशाल पाठ फिरवली. शैलजनांची घरे जळाली. त्यांची राणी अंबुजा उरलेल्यांसह शाकल्यायन मुनींच्या आश्रमात आली.

पुढे तोच धूमकेश राजनगरीवर उलटला. राजाने रणदुंदुभी वाजवल्या, पण एक दार उघडेल तर शपथ! तो स्वतः घरोघर फिरू लागला, तेव्हा एका वृद्ध क्षत्रियाने दाराआडूनच विचारले, "महाराज, काल हा दैत्य आपला परममित्र होता. उद्या कोण असेल ते आधी सांगा, मग लेकरांना रणात धाडतो." राजाची मान खाली गेली. आपल्याच नगरीत त्याला परके वाटले.

तो धावत आश्रमात गेला. "मुनिवर, दिव्यास्त्र द्या! नगरी बुडते आहे!"

"अस्त्रांचा तुला काय तोटा, राजन्?" मुनी कडाडले. "तुझ्या शब्दावर कोणी पाऊल उचलत नाही, तिथे अस्त्र काय करील? घे हा शाप! यापुढे तू देशील ते वचन तुझ्या तळहातावर अग्नी होऊन पेटेल, आणि पुरे होईतो विझणार नाही!"

परत फिरावे, असे राजाला क्षणभर वाटले. मग त्याने अंबुजेपुढे गुडघे टेकले आणि स्वतःच्या हातावरून उदक सोडले. "देवी, दैत्याला मारीन आणि तुमची भूमी तुम्हाला देईन."

"पाहू," एवढेच ती म्हणाली.

तळहात भडकला. जळता हात घेऊन राजा एकटाच नगरीतून रणाकडे निघाला. ते पाहून तो वृद्ध क्षत्रिय मुलांसह बाहेर पडला, आणि मागोमाग सारी नगरी लोटली. घनघोर युद्धात धूमकेश पडला. मंत्री म्हणाले, "विजयोत्सव करू!" राजाने नुसता हात पुढे केला, तो अजून जळत होता. अंबुजेने आपल्या भूमीत चूल पेटवली, तेव्हा कुठे तो शांत झाला.

"तुझे वचन पुरे झाले. शाप मागे घेतो," मुनी म्हणाले.

राजाने त्यांचे पाय धरले. "नको, मुनिवर! माझी प्रजा मला परत दिलीत, हे उपकार कसे फेडू? हा शाप माझ्या वंशालाही द्या."

मुनींचे डोळे भरून आले. "तथास्तु!"

म्हणून त्या देशी राजा निवर्तला, की चितेवर ठेवण्याआधी त्याचा उजवा तळहात प्रजेला दाखवतात. भाजल्याचे व्रण दिसले, की लोक हात जोडतात आणि रडत रडत म्हणतात, "आमच्यासाठी सोसलेत, महाराज."