गोजराक्काची मुकी टेकडी

या टेकडीसमोर एक हाक मारून बघा. मारा, लाजू नका. आला आवाज परत? नाही यायचा. पलीकडची ओढ्याची दरडसुद्धा हाकेला ओ देते, पण ही एवढी कातळाची भिंत गप्पच. आमच्याकडे हिला मुकी टेकडी म्हणतात. आमच्या साहित्य मंडळाची बैठक हिच्याच पायथ्याशी भरते. मघाशी त्या मुलीनं कविता वाचली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं नाव मोठ्यानं घेतलं, तेव्हा तुम्ही पाहुणे मंडळी चकित झालात. त्यामागं जे घडलं, ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय तसं सांगतो.

पूर्वी ही टेकडी बोलकी होती, असं सांगतात. गावात गाणी रचणारी काही माणसं होती. कुणी तेली, कुणी धनगर, कुणी देवळातला गुरव. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळी इथं जमायची आणि आपापलं नवं गाणं म्हणायची. शेवटची ओळ टेकडी परत म्हणायची. ती परत आली की गाणं पास झालं, असं मानत.

त्यांच्यात एकच बाई होती. गोजराक्का, कोष्ट्याची. नवरा लवकर गेला होता, सुंदा नावाची एकुलती लेक होती. लेकीचं लग्न ठरलं आणि गोजराक्कानं तिच्यासाठी मागावर हिरवं लुगडं लावलं. ते पुरं व्हायच्या आत सुंदा तापानं गेली. गोजराक्कानं लुगडं तरीही विणून संपवलं, आणि विणता विणता गाणं रचलं. त्याचा शेवट असा होता:

हिरवं लुगडं विणिलं, कुणाला नेसवू बाई
उंबऱ्यात उभा दिस, माझी सुंदा येत नाही

इथं बसून तिनं ते म्हटलं, तेव्हा टेकडीनं सुंदाचं नाव परत दिलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

सगळ्यांत जास्त रडला तो केरोबा. त्याचा गळा फार गोड होता. गोजराक्का त्याला दरवर्षी भाऊबीजेला ओवाळायची. तो म्हणाला, "आक्का, मला शिकव हे. तुझी सुंदा माझीबी भाचीच होती." तिनं शिकवलं. एकेक हरकत त्याच्याकडून घोटून घेतली.

त्या साली पाऊस नव्हता. केरोबा देशमुखांच्या वाड्यावर गायला गेला. देशमुख गाण्यावर इतके खूश झाले की त्यांनी विचारलं, "काय हवं ते माग." केरोबानं गावासाठी बारव मागितली. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. खोदकाम सुरू झालं.

पुढं देशमुखांच्या लेकीचं लग्न निघालं. गोजराक्का तिथं लुगडी पोचवायला गेली होती. मांडवात बायका गात होत्या. तिनं सूर ओळखला. आपलं गाणं इथवर आलं म्हणून आधी तिला आनंदच झाला. मग शेवट आला:

हिरवं लुगडं विणिलं, लेकीला नेसवू बाई
उंबऱ्यात उभी लेक, केरोबा म्हणे, जा बाई

मेलेल्या लेकीचं गाणं पाठवणीचं झालं होतं. सुंदाचं नाव जिथं होतं, तिथं केरोबाचं बसलं होतं.

पुढच्या बैठकीला ती आली. केरोबाही होता. ती त्याच्याशी बोललीच नाही. बाकीच्यांना म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय. गाणं कुणाचं, सांगा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बारव याच गाण्यावर मिळाली होती आणि अजून अर्ध्यात होती. गाणं केरोबाचं नाही हे देशमुखांना कळलं तर काम थांबेल, ही धास्ती. शेवटी रामलिंग गुरव, सगळ्यांत थोरला, हळूच म्हणाला, "आक्का, पाणी लागू दे. मग बोलू."

"आणि माझी सुंदा?" तिनं विचारलं. "ती तवर कुठं थांबंल?"

रामलिंगानं तोंड फिरवलं. तेव्हा ती टेकडीकडं वळली आणि सारा जीव गोळा करून लेकीच्या नावानं हाक मारली. टेकडीही गप्प राहिली. त्या क्षणापासून ती मुकी झाली, असं सांगतात.

बारवेला पाणी लागलं. तरी कुणी बोललं नाही. केरोबा वाड्यावरच राहिला, सुखात जगला. त्याला काही शाप वगैरे लागला नाही. गोजराक्का याच गावात म्हातारी झाली. ती विणत राहिली, पण पुन्हा गायली नाही. त्या बारवेचं पाणी तिनं तोंडाला लावलं नाही. नदीवरून घागर आणायची.

ती गेल्यावरच्या बैठकीत रामलिंग उठला. कुणा धनगरानं गाणं संपवलं होतं. रामलिंगानं त्या धनगराचं नाव घसा फुटेस्तोवर ओरडून घेतलं आणि तिथंच मटकन बसून रडला. "टेकडी आता सांगणार नाही," तो म्हणाला, "आपल्यालाच सांगावं लागंल." तेव्हापासून रचणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायची ही चाल पडली.

पण गाण्याचं म्हणाल, तर ते गेलं ते गेलंच. आम्ही पंचक्रोशीत फिरून बायकांना खरा शेवट सांगितला. त्या ऐकून घेतात, हळहळतात. पण लग्नात मेलेल्या पोरीचं नाव कसं घ्यायचं, म्हणतात. आजही या भागात लेक सासरी निघाली की उंबऱ्यात तेच गाणं होतं, आणि आया रडत रडत केरोबाचं नाव घेतात.