धनेशाचा पहारा

रानात कुऱ्हाड शिरली नव्हती त्या काळची गोष्ट. अंडी घालायची वेळ आली तशी धनेश पक्ष्याची बायको झाडाच्या ढोलीत शिरली. धनेशांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून बंद झालं. चोच जाईल एवढी फट तेवढी उरली. पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्याने त्या फटीतून फळं भरवायची.

सुरुवातीला त्याने भरवलीही. मग शेजारच्या फांदीवर दुसरा एक धनेश येऊन बसू लागला आणि याचा जळफळाट सुरू झाला. आपली पाठ वळली की हा फटीशी जात असणार! त्याने फळं आणणंच सोडलं आणि दिवसभर ढोलीसमोर पहारा देत बसला.

एकदा झाडाखालून म्हातारा गवारेडा चालला होता. रानातले तंटे तोच सोडवायचा. धनेशीण आतून ओरडली, "आजोबा, मला पोटगी मिळवून द्या. उपाशी आहे मी."

"पोटगी कसली?" धनेश उसळला. "आधी त्या शेजाऱ्याचं काय ते विचारा हिला! मला काडीमोड हवा, आणि ढोलीही माझीच. मी ही भिंत घातली म्हणून ही बाई घरात राहिलीय."

"खरं का गं?" गवारेड्याने विचारलं.

"चिखल यांनी आणला, आजोबा. पण भिंत मी लिंपली, आतून. मला जायचं असतं तर यांना विचारलं नसतं."

धनेश घाईघाईने फळं आणायला उंबराकडे उडाला. तोवर आतून भिंतीवर चोचीचे ठोके पडू लागले होते.