सोळा मात्रांची जागा

किनाऱ्यावरच्या एका संस्थानात त्र्यंबकबुवा नावाचे दरबारगवई होते. नारळी पुनवेला कोळणी गात असत ते जुनं गाणं त्यांनी रागात बांधलं आणि भर दरबारात गायलं. मुळात प्रत्येक कडव्यानंतर कोळणी सोळा मात्रा गप्प राहत. बुवांनी तिथं लखलखीत तान बसवली होती.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "सरकार, या बायका शब्द विसरल्या, म्हणून तिथं भोक पडलं होतं. मी ते बुजवलं. यापुढं दर्यापूजेला माझीच चाल गावी. त्या जागी तानेहून मोलाचं काही असेल, तर कुणीही दाखवावं."

मागं बसलेल्या कोळणींतून म्हातारी धाकूबाय उठली. "बुवा, आमी शब्द इसरलो नाय. दर्यानं जिचा मानूस नेला, तिनं तिथं मनात त्याचं नाव घ्यायचं. परत्येकीचं नाव येगलं. एका सुरात म्हनायचं कसं?"

सरकार हळूच म्हणाले, "बुवा, पुन्हा म्हणा."

बुवा गाऊ लागले. कडवं संपलं, तान गळ्याशी आली. तेवढ्यात त्यांना सरकारांचे ओठ हलताना दिसले. सरकारांचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गलबतासकट बुडाला होता.

तान गळ्यातच राहिली. बुवांना मात्रा मोजायचंही सुचलं नाही, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची सम चुकली.

पुढची ओळ धाकूबायनं उचलली.