सात दसऱ्यांची लिंबं

एकदा एका म्हाताऱ्या वस्तादाला, म्हणजे मोटारी दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या मिस्त्रीला, त्याच्या शिष्याने जुन्या मोटारींचे संग्रहालय दाखवायला नेले; आणि नेल्याचा त्याला तासाभरातच पश्चात्ताप झाला.

शिष्य म्हणजे कोणी कोवळा पोर नव्हे, चाळिशी ओलांडलेला बाप्या होता. वीस वर्षे तो वस्तादाच्या हाताखाली राबला होता. त्या दिवशी दसरा होता, आणि संध्याकाळच्या पूजेनंतर वस्ताद गॅरेजची किल्ली त्याच्या हवाली करणार, हे सगळ्या पेठेला ठाऊक होते. पण गेल्या वर्षी शिष्याने बसवलेली एक क्लचप्लेट भर घाटात जळाली आणि गिऱ्हाइकाने गॅरेजात येऊन चारचौघांत त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेव्हापासून साधा बोल्टही तो तीनतीनदा आवळून पाही. किल्लीचे नाव काढले की तो विषय बदले. म्हणून त्याने परस्पर या संग्रहालयाच्या शेठजींकडे नोकरीसाठी शब्द टाकला होता. बावीस मोटारींची देखभाल, आरशासारखी फरशी, आणि तक्रार करणारे गिऱ्हाईक एकही नाही. शेठजींची अट एवढीच होती की वस्तादाने स्वतः येऊन खात्री द्यावी.

हे सारे त्याने वाटेत, टेम्पो चालवताना, चाचरत सांगितले. वस्ताद रागावला नाही, समजूत घालायलाही गेला नाही. "बरं," एवढेच म्हणाला, आणि चहासाठी दोनदा टेम्पो थांबवायला लावला. शिष्य मनातल्या मनात जळत होता. रागावला असता तर निदान भांडता तरी आले असते!

"वस्ताद, 'माणूस कामाचा आहे' एवढंच म्हणा. दुसरं काही बोलू नका," दारात त्याने हात जोडून सांगितले.

"बरं."

शेठजी मोठे अगत्यशील गृहस्थ. मोटारी दाखवायला ते जातीने पुढे झाले. कुठे चांदीचे हँडल, कुठे हस्तिदंती मूठ. प्रत्येक मोटारीवर झेंडूचा हार आणि कुंकवाचे स्वस्तिक. एका काळ्या मोटारीपाशी ते थांबले आणि त्यांचा स्वर हळवा झाला. "ही आमच्या वडिलांची. पावसाळ्यात मला हिच्यातून शाळेत सोडायचे."

वस्तादाचे तिकडे लक्षच नव्हते. तो खाली बसला होता. गुडघे टेकून, डोके मोटारीच्या पुढच्या चाकाशी नेऊन, तो फरशीवरून काहीतरी वेचून टोपीत टाकत होता.

दसऱ्याला गाडीची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. इथेही दरवर्षी ठेवत. नवे ठेवत, आणि जुने तसेच राही, कारण ओवाळलेल्या लिंबाला हात लावायला झाडणारे धजत नसत. वस्ताद तीच लिंबे गोळा करत होता. वाळून सुपारीएवढी झालेली, काळी पडलेली.

"वस्ताद! अहो, ओवाळलेली लिंबं आहेत ती! उठा बघू," शिष्य दातओठ खात कुजबुजला.

वस्ताद उठला, आणि पलीकडच्या मोटारीपाशी जाऊन बसला. मग तिसऱ्या. टोपी भरल्यावर त्याने शिष्याचा नवाकोरा रुमाल मागून घेतला आणि त्यात लिंबे बांधू लागला. मागून ताज्या लिंबांचे तबक घेतलेला शेठजींचा नोकर आला. हा जुनी उचलतो आहे, तर आपण नवी ठेवावीत की नाही, हे त्याला कळेना. आलेले लोक मोटारी सोडून वस्तादाचे फोटो काढू लागले. शिष्याने कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षांत एक दिवस, फक्त एक दिवस या माणसाकडे मागितला होता, आणि त्याचेही मातेरे झाले होते!

शेवटी शेठजींचाही धीर सुटला. "मिस्त्री, हा काय प्रकार चालवलाय तुम्ही?"

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. "शेठजी, ज्या चाकापुढं बघावं तिथं सात. म्हणजे सात दसरे झाले. लिंबू ठेवतात ते गाडी त्याच्यावरून पुढं न्यायला. तुम्ही ओवाळता, लिंबू ठेवता, आणि गाडी तिथंच. सात वर्षांत एकीचंही काही बिघडलं नसेल?"

"एक स्क्रू हललेला नाही," शेठजी अभिमानाने म्हणाले.

"बिघडणार कशानं? बिघडायला आधी चालावं लागतं. माझ्याकडं रोज गाड्या बिघडून येतात, कारण त्यांनी कुणाला दवाखान्यात नेलेलं असतं, कुणाची वरात पोचवलेली असते. क्लच जळतो तो चढावर. फरशीवर उभ्या गाडीचा जळलेला मी तरी ऐकला नाही." मग शिष्याकडे न बघता तो म्हणाला, "आता तुम्हाला हवा असलेला शब्द. माणूस कामाचा आहे, हात माझ्यापेक्षा हलका आहे. खुशाल ठेवून घ्या. बावीस आहेतच, हा तेविसावा. अगदी नीट जपला जाईल."

शेठजींचा हात वडिलांच्या मोटारीच्या दारावर होता, आणि ते दार त्यांनी कित्येक वर्षांत उघडले नव्हते.

शिष्य तरातरा बाहेर आला. आज बोलायचेच, असे त्याने ठरवले होते. पण टेम्पोपाशी पोचेपर्यंत "तेविसावा" हा एकच शब्द त्याच्या डोक्यात घुमत राहिला. वस्ताद मागून सावकाश आला, रुमालाची गाठ सोडली आणि एक वाळके लिंबू टेम्पोच्या चाकापुढे ठेवले.

"आता हे कशाला?" शिष्य वैतागून म्हणाला.

"सात वर्षं थांबलंय बिचारं. बस, चालव."

शिष्य बसला. टेम्पो दोनदा रुसला, तिसऱ्यांदा खोकत सुरू झाला. शेठजी दारापर्यंत आले होते. "मग कधी येताय?"

"येईन, शेठजी, पण नोकरीला नाही," शिष्य म्हणाला. "वडिलांची गाडी रस्त्यावर काढायची झाली की बोलवा. तिचा क्लच मी बसवून देईन. जळला तर पुन्हा बसवीन."

त्याने गिअर टाकला. चाकाखाली लिंबू कटकन फुटले.

"वस्ताद, पूजेला उशीर होईल. किल्ली घरी आहे की गॅरेजात?"

वस्तादाने सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून त्याच्यासमोर धरली. ती तो सकाळपासून बरोबर घेऊनच हिंडत होता.

तेव्हा येत्या दसऱ्याला नवी लिंबे आणण्यापूर्वी आपणही आपल्या चाकापुढे एकदा वाकून पाहावे, आणि जुनी मोजावीत.