वाडीच्या वेशीवरून

"...मग आज माझे पाय का अडले, माय?"

रेवण अंबूमायच्या झोपडीच्या दारात उभा होता. खांद्यावर पाण्याची घागर. तशीच भरलेली.

खालच्या वाडीत पटकीची साथ होती. अंबूमाय पुढे आणि तिचा हा शिष्य मागे, अशी दोघं रोज आजाऱ्यांना उकळलेलं पाणी पाजायला जात. रेवणने प्रेतंही उचलली होती. मला आता मरणाचं भय उरलं नाही, असं तो लोकांना सांगू लागला होता.

काल उतारावर अंबूमायचा पाय मुरगळला. आज तो एकटा गेला... आणि वेशीवरून परतला.

"पहिल्याच घराचं दार उघडं होतं. आत कोणी हलत नव्हतं. फक्त एक पोर पाणी मागत होतं. मी... मी पळालो."

अंबूमाय गोधडी शिवत होती. पडलेल्या सुया वेचायला ती चुंबकाचा दगड जवळ ठेवी. तो तिने उचलला, त्याला एक लोखंडी खिळा चिकटवला. खिळ्याचं टोक वहाणेला ठोकायच्या चुकांजवळ, त्या सुट्या बारीक खिळ्यांजवळ नेलं.

चुका उडून खिळ्याला लटकल्या.

मग तिने खिळा दगडापासून ओढून काढला. चुका टपटप खाली पडल्या.

रेवणचा चेहरा उतरला.

"लोखंडाच्या आत इवले इवले चुंबकच असतात," ती म्हणाली. "एरवी बाजारातल्या माणसांसारखी त्यांची तोंडं चहूकडे. दगड जवळ आला की सगळे एकीकडे बघतात. मग खिळाही ओढायला लागतो. दगड गेला... की पुन्हा बाजार."

"म्हणजे माझ्यात माझं काहीच नव्हतं."

"दगडाने खिळ्यात बाहेरून काही घातलं का?"



वाऱ्याबरोबर खालून रडणं आलं. बारीक, थकलेलं... आणि मध्येच तुटलं.

दोघंही कान देऊन थांबली.

काही नाही.

घागर हिंदकळली. पाणी रेवणच्या पाठीवरून ओघळलं.

"माय, मला भीती वाटते."

"हं."

"तू चल. मी तुला पाठीवर घेतो."

"मग घागर कोण नेईल?"

रेवणने घागर सावरली. तो वळला. उतार मोकळा होता, वाडीतून धूरसुद्धा निघत नव्हता. तो चार पावलं गेला. थांबला.

रडणं पुन्हा आलं. एकदाच.

त्याने मागे न बघताच विचारलं, "माय, त्या दारांत शिरताना तुला कधीच भीती वाटली नाही?"

अंबूमायने सुई गोधडीत खोचली.

"रोज वाटायची. पण तू मागून येत होतास ना... मला पळायला वाटच नव्हती."