टाक्याचं पाणी आणि माझं भाषण

गडावर पाणी कसं शुद्ध करावं, यावर मी इतकं वाचलंय की मला तहान लागायला वेळच मिळत नाही. त्या रविवारी बारा जणांना घेऊन वर पोहोचलो, तेव्हा सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या होत्या. गडावर पाणी एकच, कातळातल्या टाक्याचं आणि चांगलं हिरवट. टाक्याशेजारी ढेबेमावशींचं चहाचं खोपटं होतं.

मी त्यांना बजावलं, "मावशी, मी पास केल्याशिवाय एकालाही पाणी द्यायचं नाही."

"बरं सायेब," म्हणत मावशी चुलीकडे वळल्या.

मी सॅकमधून फिल्टर काढला, तर त्याची नळी गाळानं तुंबली. अतिनील किरणांच्या दिव्याची बॅटरी उतरलेली निघाली. शेवटी क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या आणि अर्धा तास थांबायचंच आहे म्हणून तिन्ही पद्धतींचे गुणदोष समजावू लागलो. मंडळी अगदी शांत बसली होती. मला वाटलं, विषय पोहोचतोय.

भाषण संपवून मी मावशींना ऐटीत विचारलं, "आता सांगा, सगळ्यात खात्रीची पद्धत कोणती?"

"तुम्ही बोलता बोलता दोन कप प्यालात, ती," मावशी म्हणाल्या. "पाणी देऊ नको म्हणालात, म्हणून सगळ्यांना चहा दिला. त्यो काय उकळल्याबिगर होतोय?"

माझ्या हातात तिसरा कप होता, अर्धा भरलेला. तो मी पास-बिस न करता गुपचूप संपवला.